इंजिनला एंडगेम शिकवताना: आधी काय, नंतर काय

स्वतःचं बुद्धिबळ इंजिन लिहिणारे बहुतेक जण एंडगेमकडे, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याकडे, वळले की सगळ्यात आधी टेबलबेस (अशा स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) उतरवून घेतात. फाइली जोडल्या, 145 टेबल सापडल्याचा संदेश स्क्रीनवर आला, की काम झालं असं वाटतं. मग स्पर्धेत तेच इंजिन दोन प्यादी वर असताना बरोबरी करून येतं आणि दोष कुठून शोधायला घ्यावा हेच कळत नाही.

दोष बहुतेक वेळा क्रमात असतो. शेवटची मात शोधायला एंडगेमचं ज्ञान फार लागत नाही. ते लागतं त्याच्या कितीतरी चाली आधी, कोणती मारामारी होऊ द्यायची आणि कोणती टाळायची हे ठरवताना. एक उदाहरण नीट बघा. पांढऱ्याकडे राजा, काळ्या घरांवरून चालणारा उंट आणि ए व एच पट्टीवर एकेक प्यादं आहे. काळ्याकडे राजा आणि एक घोडा, राजा बी7 वर. एच-प्यादं देऊन घोडा मिळत असेल, तर मोहऱ्यांच्या गुणांची नुसती बेरीज करणाऱ्या इंजिनला तो सौदा छान दिसतो: उंट अधिक प्यादं विरुद्ध एकटा राजा, म्हणजे चार गुणांची आघाडी. पण ए8 हे पांढरं घर आहे, उंट तिथे कधीच पोचणार नाही. काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि डाव बरोबरीत सुटतो. तोच घोडा ए-प्यादं देऊन घेतला असता, तर एच8 हे काळं घर उंटाच्या ताब्यात राहिलं असतं आणि डाव जिंकता आला असता. दोन्हीकडे बेरीज चारच, निकाल मात्र वेगळा.

म्हणून इंजिनला आधी बरोबरी ओळखायला शिकवायचं आणि नंतर जिंकायला. खालचा क्रम अल्फा-बीटा सर्च (पुढच्या चालींचं झाड तपासताना निरुपयोगी फांद्या तोडणारी पद्धत) करणाऱ्या इंजिनसाठी आहे. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर पुढच्या पायरीतला प्रत्येक बग दोन ठिकाणी शोधावा लागतो.

1. तयारी: चाली बरोबर बनतात का

एंडगेममध्ये चुकतंय असं वाटणाऱ्या इंजिनांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं चाली बनवणाऱ्या कोडमध्येच असतं. सुरुवातीच्या मांडणीवरून पर्फ्ट (ठरावीक खोलीपर्यंत बनणाऱ्या सगळ्या चालींची मोजणी) जुळला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. एंडगेमचे खास बग त्या मांडणीतून बाहेर येत नाहीत.

ही स्थिती लावा. पांढरा: राजा ए5, हत्ती बी4, प्यादी बी5, ई2, जी2. काळा: राजा एच4, हत्ती एच5, प्यादी सी7, डी6, एफ4. चाल पांढऱ्याची. पर्फ्टचे आकडे क्रमाने 14, 191, 2,812, 43,238 आणि 6,74,624 यायला हवेत. एन पासाँने (दोन घरं पुढे आलेल्या शेजारच्या प्याद्याला मारण्याच्या खास चालीने) दोन प्यादी एकदम रांगेतून उठतात आणि आपल्याच राजाला हत्तीचा शह उघडतो, हा प्रकार नेमका इथे पकडला जातो. सहाव्या पातळीवर 1,10,30,083 आलं की पुढे चला.

दुसरी चाचणी बढतीची, म्हणजे शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा दुसरा मोहरा करण्याची. पांढरा राजा बी6, प्यादं सी6, काळा राजा ए1, हत्ती डी5, चाल पांढऱ्याची. ही साव्हेद्राची प्रसिद्ध स्थिती. प्यादं सी7 वर जातं, काळा हत्ती शह देत सुटतो, पांढरा राजा बी5, बी4, बी3 करत सी2 वर येतो आणि काळा हत्ती डी4 वर जातो. आता सी8 वर वजीर केला तर काळा सी4 वरून शह देतो आणि हत्ती मारला की स्टेलमेट (शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी). हत्ती केला तर पांढरा जिंकतो. वेग मिळवण्यासाठी फक्त वजिराचीच बढती बनवणारी इंजिनं इथे अडकतात.

तपासणी: टेबलबेस बंद ठेवून ही स्थिती चालवा. सी8 वर हत्ती हा मार्ग इंजिनने स्वतः शोधला पाहिजे.

याच टप्प्यावर एक उलटी चाचणीही लिहून ठेवा. कोणतीही स्थिती घ्या, पट वरखाली उलटा, रंग बदला; मूल्यमापन, म्हणजे इंजिनने त्या स्थितीला दिलेले गुण, तेच आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर ही चाचणी प्रत्येक बदलानंतर चालवायची आहे. शिवाय निकाल पक्का माहीत असलेल्या पन्नासेक स्थितींची एक फाइल बनवा. राजे आणि प्यादी धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितीचा निकाल लीचेस या संकेतस्थळाच्या टेबलबेसवर फुकट बघता येतो.

2. बरोबरीचे नियम

चार गोष्टी: पुनरावृत्ती, पन्नास चाली (मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता गेलेल्या), मात करायला अपुरे मोहरे आणि स्टेलमेट.

पुनरावृत्तीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक एन पासाँच्या घराची आहे. प्यादं दोन घरं पुढे गेलं की काही इंजिनं ते घर हॅश किल्लीत (स्थिती ओळखायच्या आकड्यात) टाकतात, मारणारं शत्रूचं प्यादं जवळपास असो वा नसो. मग तीच स्थिती परत आली तरी किल्ली वेगळी निघते आणि पुनरावृत्ती ओळखली जात नाही. एन पासाँने खरंच मारता येत असेल तरच ते घर किल्लीत घ्या.

सर्चच्या आत एकदा परत आलेली स्थिती बरोबरी धरायला हरकत नाही. पण ती पहिली वेळ प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावातली असेल, तर नियमाप्रमाणे तिसरी वेळ मोजा. हा फरक न केल्यास जिंकत असलेलं इंजिन चांगल्या चाली उगाच टाळतं.

पन्नास चालींसाठी मोजणी अर्ध्या चालींत (एका बाजूची खेळी म्हणजे अर्धी चाल), म्हणजे 100 पर्यंत. शंभराव्या अर्ध्या चालीला मात होत असेल तर मात धरायची, बरोबरी नाही. त्यामुळे तपासणीचा क्रम आधी मात, मग मोजणी.

सावधान: हॅश टेबलच्या (आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्याच्या) किल्लीत ही मोजणी नसते. म्हणून 95 व्या अर्ध्या चालीला टेबलमधून "जिंकतोय" असा जुना निकाल उचलला जातो आणि डाव बरोबरीत सुटतो. मोजणी 90 च्या पुढे गेली की हॅशचा निकाल थेट परत करू नका. त्यातली चाल फक्त क्रम लावायला वापरा. सोबत मोजणी वाढेल तसं मूल्यमापन हळूहळू शून्याकडे ओढा, म्हणजे इंजिन वेळेत प्यादं ढकलतं.

अपुऱ्या मोहऱ्यांत एकटा उंट आणि एकटा घोडा सगळेच लिहितात. राहून जातात ते एकाच रंगाच्या घरांवरचे दोन उंट. ही जोडी बढतीतूनच येते, पण आली की "दोन उंट जिंकतात" असं सांगणारा कोड इंजिनला चुकीच्या डावात ढकलतो. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा इथे मात जबरदस्तीने करता येत नाही, म्हणून सहा गुणांची आघाडी असली तरी ती बरोबरीच. समोर शत्रूचं प्यादं असेल तर मात्र दोन घोडे काही स्थितींत जिंकतात, कारण प्याद्याला चाल उरल्याने स्टेलमेट टळतं. नियम लिहिताना शत्रूची प्यादी शून्य आहेत हे तपासायला विसरू नका.

स्टेलमेटचा प्रश्न क्विसन्स सर्चमध्ये, म्हणजे मारामाऱ्या संपेपर्यंत पुढे बघणाऱ्या शेवटच्या सर्चमध्ये, येतो. तिथे फक्त मारण्याच्या चाली बनतात, त्यामुळे "एकही चाल नाही" हे त्या सर्चला दिसतच नाही आणि स्टेलमेट झालेल्या स्थितीला तो नऊ गुण देऊन मोकळा होतो. समोर एकटा राजा असेल तेवढ्यापुरतं त्याला एक तरी कायदेशीर चाल आहे का, हे बघा. खर्च नगण्य आहे.

3. एकट्या राजाला मात

ही पायरी सोपी आहे, पटकन संपवा. एकटा राजा कडेला ढकलला तर बक्षीस, दोन राजे जवळ आले तर बक्षीस. चेस 4.x या जुन्या इंजिनमालिकेतलं सूत्र आजही पुरतं: मध्यापासूनचं अंतर गुणिले 4.7, अधिक 14 मधून दोन राजांमधलं अंतर वजा करून त्याला 1.6 ने गुणायचं. अंतरं आडवी-उभी मोजायची, तिरपी नाही.

वजिराने मात जास्तीत जास्त 10 चालींत, हत्तीने 16, दोन उंटांनी 19 आणि उंट-घोड्याने 33 चालींत होते. पहिल्या तिघांना वरचं सूत्र पुरेसं आहे. उंट-घोड्याला नाही, कारण तिथे उंटाच्या रंगाच्याच कोपऱ्यात मात जबरदस्तीने होते. पांढऱ्या घरांवरचा उंट असेल तर कोपरे ए8 आणि एच1. काळ्या घरांवरचा असेल तर ए1 आणि एच8. सूत्रातलं मध्यापासूनचं अंतर काढून तिथे योग्य कोपऱ्यापर्यंतचं अंतर घाला.

तपासणी: चालीला एक सेकंद देऊन उंट-घोड्याची मात दोन्ही रंगांच्या उंटांनी आणि दोन्ही बाजूंनी खेळवा. एकाच रंगाच्या उंटाने जमत असेल, तर घराचा रंग काढणारा कोड उलटा आहे.

4. राजा आणि प्यादं विरुद्ध राजा

टेबलबेस नंतर जोडायचाच आहे, मग हे वेगळं कशाला, असा प्रश्न इथे येतो. उत्तर वेगात आहे. प्याद्यांच्या प्रत्येक एंडगेमच्या मुळाशी हीच स्थिती असते आणि सर्च तिच्यापर्यंत लाखो वेळा पोचते. हे उत्तर मेमरीतून, फाइल न उघडता, मिळालं पाहिजे. प्यादं ए ते डी पट्ट्यांवरच धरलं (उरलेल्या चार आरशात उलटतात), तर त्याची घरं 24. दोन राजांची प्रत्येकी 64 घरं आणि चाल कोणाची हे दोन पर्याय, म्हणजे 1,96,608 स्थिती. प्रत्येकीला एक बिट दिला तर सगळा तक्ता 24 केबीत बसतो आणि इंजिन सुरू होतानाच तयार करता येतो.

तक्ता या क्रमाने बनवा:

अ) प्रत्येक स्थितीवर "अवैध", "जीत", "बरोबरी" किंवा "माहीत नाही" असा शिक्का मारा. राजे शेजारी असतील, दोन मोहरे एकाच घरात असतील, किंवा चाल पांढऱ्याची असताना काळ्या राजाला प्याद्याचा शह असेल, तर अवैध.

आ) चाल पांढऱ्याची, प्यादं सातव्या रांगेत, पुढचं घर मोकळं आणि तिथे काळा राजा मारू शकत नाही: जीत. वजीर केल्यावर स्टेलमेट होत असेल तर हत्ती करून जिंकता येतं, म्हणून शिक्का बदलत नाही.

इ) चाल काळ्याची, आणि एकही चाल नाही किंवा प्यादं फुकट मारता येतं: बरोबरी.

ई) आता उरलेल्या स्थितींवरून पुन्हा पुन्हा फिरा. पांढऱ्याची चाल असेल तर एक जरी चाल जीतकडे नेत असेल, जीत; सगळ्या बरोबरीकडे नेत असतील, बरोबरी. काळ्यासाठी याच्या उलट. एका पूर्ण फेरीत काहीच बदललं नाही की थांबा. जे "माहीत नाही" राहिलं ते सगळं बरोबरी.

तपासणी: पांढरा राजा ई5, प्यादं ई4, काळा राजा ई7. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढऱ्याची जीत. दुसरी: पांढरा राजा ई6, प्यादं ई5, काळा राजा ई8, चाल कोणाचीही असो, जीत. तिसरी: पांढरा राजा ए6, प्यादं ए5, काळा राजा ए8, कोणाचीही चाल, बरोबरी. तिन्ही स्थिती आडव्या आरशात आणि रंग बदलूनही तपासा.

आरशात उलटताना प्यादं उलटलं आणि राजे तसेच राहिले, ही इथली ठरलेली चूक. दुसरी जास्त फसवी आहे: तक्ता "जीत" म्हणतो, इंजिन सगळ्या जिंकणाऱ्या स्थितींना एकच मोठा आकडा देतं, आणि राजा नुसता इकडून तिकडे फिरत राहतो. त्या आकड्यात प्याद्याची रांग मिळवा, म्हणजे पुढे सरकणारी चाल नेहमी थोडी वरचढ राहील.

5. बरोबरीकडे झुकणारे डाव: मूल्यमापन आवळा

सगळ्यात जास्त गुण इथेच वाचतात असं माझं ठाम मत आहे, आणि सगळ्यात कमी वेळ लोक इथेच देतात.

पद्धत अशी. एंडगेमच्या मूल्यमापनाला एक गुणक लावा, 64 म्हणजे पूर्ण आणि 0 म्हणजे बरोबरी. मोहऱ्यांच्या संख्येवरून एक वेगळी किल्ली बनवा आणि त्या किल्लीवरून कोणता नियम लागू होतो ते शोधा. नियम या क्रमाने घाला:

कडेचं प्यादं आणि चुकीचा उंट: वरचढ बाजूची सगळी प्यादी एकाच कडेच्या पट्टीवर, उंट बढतीच्या कोपऱ्याच्या रंगाचा नाही, आणि बचाव करणारा राजा कोपऱ्यात किंवा त्याला लागून आहे. गुणक 0.

वरचढ बाजूकडे प्यादंच नाही आणि आघाडी एका उंटाएवढी किंवा कमी: हत्ती विरुद्ध उंट, हत्ती विरुद्ध घोडा, हत्ती-उंट विरुद्ध हत्ती. यातले बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. गुणक फार लहान ठेवा, पण शून्य नको. शून्य केलं की इंजिनला सगळ्या चाली सारख्या दिसतात आणि समोरचा चुकू शकला असता तो प्रयत्नच ते सोडून देतं.

विरुद्ध रंगांचे उंट: पटावर राजे, प्यादी आणि हे दोन उंटच असतील तर निम्मा किंवा त्याहून कमी. सोबत हत्ती किंवा वजीर असतील तर थोडाच आवळा, कारण तेव्हा हेच उंट हल्ल्याला धार देतात. दोन्ही प्रसंगांना एकच गुणक लावणं ही मोठी चूक.

वजीर विरुद्ध सातव्या रांगेतलं प्यादं: प्यादं ए, सी, एफ किंवा एच पट्टीवर असेल, त्याचा राजा शेजारी असेल आणि वजिराचा राजा लांब असेल, तर बरोबरीकडे.

हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती: फिलिडोरचा बचाव तेवढा ओळखा. बचावाचा राजा बढतीच्या घरावर किंवा लगत, त्याचा हत्ती स्वतःकडून तिसऱ्या रांगेत, आणि हल्लेखोराचा राजा व प्यादं त्या रांगेच्या अलीकडे. यापेक्षा बारीक नियम हाताने लिहीत बसू नका. अपवाद इतके आहेत की प्रत्येक नवा नियम दोन जुने बिघडवतो, आणि हे काम टेबलबेस चोख करतो.

सावधान: कोणती बाजू वरचढ हे गुणांच्या चिन्हावरून ठरवा आणि गुणक तिच्याच नियमांतून घ्या. मूल्यमापन चाल असलेल्या बाजूकडून येत असेल, तर इथे चिन्ह हमखास उलटं होतं. पायरी 1 मधली उलटी चाचणी आत्ता पुन्हा चालवा.

6. सर्चमधल्या काटछाटी

मूल्यमापन कितीही शहाणं झालं, तरी सर्च ती फांदीच तोडत असेल तर उपयोग नाही.

नल मूव्ह: "मी चालच केली नाही तरी माझं बरं आहे" या गृहीतावर ही काटछाट उभी आहे. झुगझ्वांगमध्ये चाल करावी लागणं हेच संकट असतं, म्हणून तिथे हे गृहीत कोसळतं. चाल असलेल्या बाजूकडे राजा आणि प्यादी एवढंच असेल तर नल मूव्ह बंद. त्यांच्याखेरीज एकच मोहरा असेल तर खोल पातळीवर खात्रीचा दुसरा सर्च करा.

डेल्टा काटछाट: क्विसन्समध्ये "एवढं मारूनही काही होणार नाही" म्हणून चाली गाळल्या जातात. एंडगेममध्ये शेवटचं प्यादं मारलं की डाव बरोबरीत जातो, तेव्हा त्या मारण्याची किंमत एका प्याद्यापेक्षा कितीतरी मोठी असते. मोहरे थोडे उरले की ही काटछाट बंद करा.

सहाव्या-सातव्या रांगेत जाणाऱ्या मोकळ्या प्याद्याच्या चालींची खोली (किती चाली पुढे बघायचं ते) कमी करू नका.

हॅश टेबल: मात दाखवणारे गुण साठवताना आणि काढताना मुळापासूनचं, म्हणजे सर्च जिथून सुरू झाला त्या स्थितीपासूनचं, अंतर जमेस धरावं लागतं. ते चुकलं तर इंजिन "पाच चालींत मात" असं दर चालीला सांगत राहतं आणि मात कधीच करत नाही.

तपासणी: पांढरा राजा ए1, प्यादी ए4, डी4, डी5, एफ4, काळा राजा ए7, प्यादी ए5, डी6, एफ5, चाल पांढऱ्याची. 1901 सालच्या लास्कर–रायखेलम डावाच्या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती. जिंकणारी चाल एकच, राजा बी1. इथे दोन्ही राजे त्याच त्या घरांवर वेगवेगळ्या वाटांनी येतात, त्यामुळे हॅश टेबल नीट चालत असेल तर खोली भराभर वाढते. वीस पातळ्यांच्या अलीकडे इंजिन दमत असेल तर हॅशमध्ये बग आहे.

दुसरी स्थिती रेटीची: पांढरा राजा एच8, प्यादं सी6, काळा राजा ए6, प्यादं एच5, चाल पांढऱ्याची. बरोबरी, पहिली चाल राजा जी7.

7. आता टेबलबेस

आज जोडायचा तो सिझिजी नावाचा टेबलबेस. त्यात दोन प्रकारच्या फाइली असतात. एकीत निकाल असतो (जीत, बरोबरी, हार आणि पन्नास चालींच्या नियमामुळे बरोबरीत जाणारे दोन मधले प्रकार). दुसरीत पुढचं मारणं किंवा प्याद्याची चाल किती दूर आहे ते अंतर. पाच मोहऱ्यांपर्यंत 145 टेबल, म्हणजे 290 फाइली, एकूण सुमारे 1 जीबी. सहा मोहऱ्यांची आणखी 365 टेबल, सगळं मिळून सुमारे 150 जीबी. सात मोहऱ्यांचा संच 17 टीबीच्या घरात जातो. तो घरी ठेवायच्या भानगडीत पडू नका. पाचचा संच चालू झाल्यावरच सहाकडे जा.

अ) फाइली उतरवल्यावर चेकसम (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळवा. अर्धवट किंवा बिघडलेल्या फाइलीवर भरवसा ठेवता येत नाही. निकालाच्या फाइली एसएसडीवर ठेवा, सर्च त्यांनाच सारखा विचारतो.

आ) एकाहून जास्त फोल्डर देताना विंडोजवर मध्ये सेमीकोलन, लिनक्सवर कोलन.

इ) प्रोब करायला, म्हणजे टेबलबेसला निकाल विचारायला, फॅदम ही लायब्ररी सोपी आहे. तिच्यात ए1 हे घर 0 आणि एच8 हे 63. तुमच्या इंजिनमध्ये ए8 हे 0 असेल तर पट उलटून द्यावा लागतो. इथे एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: उलटायचं राहिलं, तरी प्यादं नसलेल्या सगळ्या स्थितींची उत्तरं बरोबर येतात, कारण प्याद्याविना पट वरखाली सारखाच असतो. चूक फक्त प्याद्यांच्या डावात दिसते. म्हणून टेबलबेसची चाचणी प्यादं असलेल्या स्थितींवरच करा. पायरी 4 मधल्या तीन स्थिती आयत्याच आहेत.

ई) सर्चमध्ये प्रोब करण्याच्या अटी: मोहरे मर्यादेत, कॅसलिंगचा हक्क कोणाकडेच नाही, पन्नास चालींची मोजणी शून्यावर, आणि आपण मुळाच्या स्थितीत नाही. मोजणी शून्यावर असण्याची अट अनेक जण काढून टाकतात. मग निकाल "जीत" येतो आणि ती जीत पन्नास चालींत बसेलच असं नाही.

उ) गुण कसे द्यायचे: टेबलबेसची जीत ही मात दाखवणाऱ्या सगळ्या गुणांपेक्षा खाली आणि सगळ्या साध्या मूल्यमापनांपेक्षा वर. त्यातून मुळापासूनचं अंतर वजा करा आणि हॅशमध्ये ठेवताना मात दाखवणाऱ्या गुणांसारखीच दुरुस्ती करा. नियमामुळे बरोबरीत जाणारी जीत ही बरोबरीच्या किंचित वर धरा. दोन उंट विरुद्ध घोडा इथे घोडा मिळवायला 66 चालींपर्यंत लागू शकतात, तेव्हा असे डाव काल्पनिक नाहीत.

ऊ) मुळाची स्थितीच टेबलबेसमध्ये असेल तर अंतराच्या फाइलीतून निकाल टिकवणाऱ्या चाली गाळून घ्या आणि त्या चालींमधून सर्चला निवडू द्या. थेट सगळ्यात कमी अंतराची चाल खेळलात, तर मोजणी लवकर शून्य व्हावी म्हणून इंजिन वजीर देऊन नुसत्या प्याद्याने डाव जिंकायला जातं. निकाल तोच राहतो, पण डाव लांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं इंजिन बिघडलं. अशा डावात सर्चच्या आतला प्रोब बंद ठेवा, नाहीतर सगळ्या फांद्या एकाच गुणाच्या दिसतात.

सावधान: फॅदमचं मुळाच्या स्थितीचं प्रोब फंक्शन एकाच थ्रेडमधून बोलवा. अनेक थ्रेडमधून बोलवण्यासाठी ते बनवलेलं नाही.

8. न्यूरल नेटवर्क असेल तर

स्टॉकफिश या नामांकित इंजिनने हाताने लिहिलेलं मूल्यमापन, एंडगेमच्या खास फंक्शनांसकट, काढून टाकलं आणि ते काम न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीवर) सोपवलं. फेब्रुवारी 2024 मधल्या 16.1 आवृत्तीपासून ते मूल्यमापन नाही. हे बघून अनेक नवे लेखक पायऱ्या 3 ते 5 गाळतात. पण स्टॉकफिशचं नेटवर्क अब्जावधी स्थितींवर शिकलेलं आहे आणि सिझिजी त्यात आजही आहे. तुमचं छोटं नेटवर्क स्वतःच्या डावांवर शिकत असेल आणि ते डाव वीस मोहरे असतानाच निकाली काढले जात असतील, तर त्याने चुकीच्या उंटाचा डाव कधी पाहिलेलाच नसतो. शिकवण्याचे डाव शेवटपर्यंत खेळवा, सात-आठ मोहऱ्यांच्या स्थिती मुद्दाम मिसळा आणि टेबलबेसमध्ये सापडणाऱ्या स्थितींचा निकाल टेबलबेसवरूनच लिहा. लीला या न्यूरल नेटवर्कवरच्या इंजिनच्या प्रशिक्षणाच्या डावांनाही अशीच दुरुस्ती दिली जाते. पायरी 2 आणि 6 तर नेटवर्क असलं तरी जशाच्या तशा लागतात.

9. फरक पडला का, हे मोजणे

मोजणीत सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डाव लवकर थांबवण्याची सोय चालू ठेवणे. क्यूटचेस किंवा फास्टचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये "दोन्ही इंजिनं पाच गुण म्हणतात, निकाल द्या" असं लावलेलं असतं. मग एंडगेम खेळलाच जात नाही आणि तुम्ही केलेल्या कामाचं मोजमाप शून्य येतं. या चाचण्यांपुरती ती सोय पूर्ण बंद करा, टेबलबेसवरून निकाल देणंही बंद.

सुरुवातीच्या स्थिती एंडगेमच्याच घ्या, पण सरळ जिंकलेल्या किंवा सरळ बरोबरीच्या नकोत. दोन्ही इंजिनं रंग बदलून एकेक जिंकणार असतील, तर त्या जोडीतून काहीच कळत नाही. दहा ते चौदा मोहरे, एका बाजूला थोडी आघाडी, अशा स्थिती सगळ्यात जास्त बोलतात, कारण मारामारीचे निर्णय तिथेच होतात. प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवा.

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येकाला एसपीआरटी (फरक खरा की योगायोग हे ठरेपर्यंत डाव खेळवणारी संख्याशास्त्रीय चाचणी). गुणक आणि बक्षिसांसाठी सीमा 0 आणि 5 एलो (खेळाची ताकद मोजणारं मानांकन) ठेवा. पायरी 2 मधल्या नियमांच्या दुरुस्त्या वाढ दाखवोत वा न दाखवोत, ठेवायच्याच आहेत. त्यांच्यासाठी "घसरण नाही ना" एवढंच बघणाऱ्या उणे 5 आणि 0 या सीमा लावा. एंडगेमच्या स्थितींवर पास झालेला बदल नेहमीच्या ओपनिंगवरूनही एकदा चालवा. गुणक फार जोरात आवळला असेल, तर इंजिन मधल्या डावात विरुद्ध रंगांच्या उंटांना घाबरून चांगल्या चाली सोडतं, आणि ते फक्त या दुसऱ्या चाचणीत दिसतं.

याच्या जोडीला डावांच्या फाइलीवर एक छोटी स्क्रिप्ट चालवा: इंजिनने स्वतःला दोन गुणांहून जास्त वर दाखवलं आणि डाव बरोबरीत सुटला, असे सगळे डाव वेगळे काढा. प्रत्येकात शेवटून मागे या आणि निकाल कोणत्या मारामारीत हातचा गेला ती चाल शोधा. मोहऱ्यांच्या किल्लीप्रमाणे हे डाव गटात लावले की दोन-तीन प्रकार वारंवार पुढे येतात. पायरी 5 मधला पुढचा नियम त्यांच्यासाठी लिहा, आणि त्या स्थिती पायरी 1 मध्ये बनवलेल्या फाइलीत टाका.